मध्यंतरापर्यंत

मार्च लागला की परीक्षा असलेल्या घरात सगळेच चोरपावलांनी चालायला लागतात. यंदा आमच्या घरातली परीक्षा रेवाची, म्हणजे माझ्या मुलीची. कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. तिच्या एका पेपरचा विषय ऐकला आणि मी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. गँगस्टर सिनेमे, त्यांची दृश्यशैली आणि गोष्ट सांगायची पद्धत. आमच्या वेळी असले सिनेमे बघितले म्हणून बोलणी बसायची, आता न बघितले तर मार्क जातात.

"आई, ऐक ना," रेवा म्हणाली, "गँगस्टरची एन्ट्री नेहमी बुटांपासून का होते, यावर टीप लिहायचीय. तुला काही सुचतंय?"

सुचायचं कसलं, मला ते बूट दिसलेच. पांढरे, टाचेखाली लोखंडी नाल ठोकलेले, दगडी पायऱ्यांवरून सावकाश उतरणारे. गंमत म्हणजे डोळ्यांनी ते मी फार उशिरा पाहिले. माझ्या दहावीच्या मार्चमध्ये, ऐंशीच्या दशकात, ते मी आधी भिंतीतून ऐकले होते.

अंधेरीतली आमची चाळ एका थिएटरच्या पाठीला पाठ लावून उभी होती. दोन्हींच्या मध्ये हातगाडी जेमतेम जाईल एवढा बोळ. आमच्या खोलीला त्या बाजूने खिडकी नव्हती, छताजवळ हात न पोचणारा एक झरोका तेवढा होता. थिएटरचे बाहेर पडायचे दरवाजे त्या बोळात उघडायचे. उन्हाळा सुरू झाला की आतली थंड हवा करणारी यंत्रणा मान टाकायची आणि मग दरवाजे सताड उघडे ठेवून आतून नुसते काळे पडदे ओढून घ्यायचे. प्रकाश आत राहायचा आणि आवाज सगळा आमच्याकडे यायचा. त्या वर्षी थंडीत लागलेला सिनेमा उन्हाळा आला तरी उतरायचं नाव घेईना. त्याचं नाव मी इथे सांगत नाही. सांगितलं की लोक त्यातले डायलॉग म्हणायला लागतात आणि मग माझं कोणी ऐकत नाही.

गोष्ट नेहमीचीच होती. गोदीत हमाली करणारा एक गरीब मुलगा पांढऱ्या बुटांच्या शेठच्या टोळीत शिरतो, शेठपेक्षा मोठा होतो आणि शेवटी एकटा पडून मरतो. दिवसातून चार वेळा तो मोठा व्हायचा आणि चार वेळा मरायचा. चाळीतल्या बायकांना घड्याळाकडे बघायची गरज उरली नव्हती. बुटांचा आवाज आला की तांदूळ निवडायला घ्यायचे. पडद्यावरची आई मुलाशी बोलायचं सोडून रडायला लागली की सुकलेले कपडे आत आणायचे. मग मध्यंतराच्या थोडं आधी धक्क्यावर एकाला गोळ्या घातल्या जायच्या. तीनच्या शोमधल्या त्या गोळ्या वाजल्या की माझी आई चहाचं आधण ठेवायची, कारण साकीनाक्याच्या वर्कशॉपमधली पहिली पाळी संपवून बाबा त्याच सुमारास घरी यायचे. बसस्टॉपवरून तो बोळ जवळचा पडायचा. गोळ्या, आधण, मग जिन्यात बाबांच्या चपलांचा आवाज. या क्रमाने आमची दुपार संपायची.

मी भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि मान्सून वाऱ्यांच्या जागी मला त्या सिनेमाची चित्रं दिसायची. म्हणजे मी ती बनवायची. आवाज तयार होता, चित्रं घरची. ग्लासात बर्फ पडल्याचा आवाज आला की मी शेठला एका मोठ्या खुर्चीत बसवायची. खुर्ची करकरायची, म्हणजे ती फिरणारी असणार, म्हणजे तो पाठ करून बसलेला असणार आणि आता वळणार. असल्या माणसाने पाठ का करून बसावं, हे मला तेव्हाही पटायचं. ज्याला कोणाची भीती नाही तोच दाराकडे पाठ करून बसू शकतो. माझे बाबा मात्र त्या महिन्यांत दाराकडे तोंड करून जेवायला लागले होते.

ते का, हे सांगायला हवं. बाबा वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होते आणि तिथल्या जुन्या युनियनचे सेक्रेटरी. त्या हिवाळ्यात नाक्यावरच्या एका दादाने स्वतःची नवी युनियन काढली आणि कामगारांनी त्यात यावं असा निरोप धाडला. बाबा काही फार लढवय्ये नव्हते. झुरळ मारायचं तरी आईला हाक मारायचे. पण ते प्रत्येक कामगाराशी जेवणाच्या सुट्टीत बोलले आणि माणसं जागची हलली नाहीत. मग एकदा बसस्टॉपवर कोणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमाने म्हणालं, "काका, मुलगी दहावीला ना? विचार करा." बाबांनी हे आईला सांगितलं, आईने देवाला सांगितलं. मला कोणी सांगितलं नाही, पण दहा बाय बाराच्या खोलीत गुपित ठेवायला जागा कुठे असते?

माझ्या चित्रांतल्या चुका दुरुस्त करायचं काम हिरामावशीचं. हिरामावशी वेसाव्याची कोळीण, आमच्या चाळीची नेहमीची. दुपारपर्यंत मासळी संपली की पाटी त्या बोळात, दरवाजाच्या बाहेर उपडी ठेवायची आणि तीनच्या शोला पुढचं तिकीट काढून बसायची. तो सिनेमा तिने इतक्या वेळा पाहिला होता की दरवाजावरचा माणूस तिचं तिकीट फाडायचा कंटाळा करायचा. दुसऱ्या दिवशी आमच्या उंबऱ्यात बसून बांगडे साफ करता करता ती मला तो सांगायची.

"पयलं त्याचं तोंड नाय दाखवीत गो बाय," ती कोयती हवेत धरून म्हणायची. "पयले बूट. धवले, दुधासारके. मंग काठी. मंग बोटातली अंगठी. मंग नुसता धूर. मना तं वाटलं, तोंड घरी इसरून आला का काय! आन् मंग तो वळतो."

"आणि मग?"

"मंग काय, तोंड आपल्या रेशनवाल्यावानी. ते धूर होता तवाच बरा होता."

रेवाची टीप इथेच पूर्ण होते, पण तिला संदर्भ द्यायला पुस्तकं लागतात. सगळ्या गँगस्टर सिनेमांची खुबी हिरामावशीने एका वाक्यात सांगितली होती. माणूस तुकड्यातुकड्याने दाखवायचा, भीती बघणाऱ्याने आपली आपण पुरवायची. तिच्या तक्रारीही असायच्या. स्मगलरांची बोट बघून ती पडद्याशी भांडून यायची. "नांगर नाय, दोर नाय, असा कोण येडा दर्यान जातो? आन् गोळी लागली की दोनी हात पसरून, फुलं उधळल्यावानी पडतो. माणूस असा पडतो का गो?" आई तव्यावरून वळून म्हणायची, "हिरे, मुलीचा अभ्यास आहे." आणि वळायची ती कान इकडे ठेवूनच.

अजून एक गोष्ट सांगितली की त्या दुपारकडे जाता येईल. तेव्हा एकाच प्रिंटवर दोन थिएटरं चालवायची रीत होती. आमच्याकडे एक रीळ संपलं की एक माणूस ते सायकलवर बांधून मालाडच्या थिएटरात पोचवायचा, तिकडचं आणायचा. कधी त्याची सायकल पंक्चर व्हायची आणि पडदा पांढरा पडून शिट्ट्या सुरू व्हायच्या. कधी रिळांची अदलाबदल व्हायची आणि मेलेला माणूस पुढच्या सीनमध्ये जेवायला बसायचा. आम्हाला हे सगळं भिंतीतून कळायचं आणि आम्ही घरबसल्या ऑपरेटरला नावं ठेवायचो.

तर ती दुपार. दुसऱ्या दिवशी माझा भूगोलाचा पेपर होता. पंखा गरगरत होता, कोणाच्या तरी गॅलरीत साबुदाण्याच्या पापड्या वाळत होत्या, त्यांचा वास येत होता. भिंतीपलीकडे पडद्यावरची आई मुलाला विचारत होती की तुझ्या हाताला हा कसला वास येतो. आणि त्या बोलण्याच्या मध्येच गोळ्या वाजल्या.

"रीळ पुढचं लावलं मेल्यांनी," आई म्हणाली, आणि स्टोव्हवर आधण ठेवलं.

शेजारच्या खोलीतून काकूंनी विचारलं, "काय हो, आज लवकर मारला का त्याला?" त्यावर दोन-तीन खोल्यांतून हसू आलं. मीही हसले. आमच्या चाळीत तेव्हा दुसरं काही वाटायला जागाच नव्हती. त्या गोळ्या आमच्या घरातल्याच होत्या, रोजच्या, पितळी डब्यांच्या आवाजासारख्या.

पण पडद्यावरची आई बोलतच राहिली. तिचं वाक्य तुटलं नाही, रीळ बदलल्यावर येते ती खरखर आली नाही. आईने आधणात साखर घातली, चहाची पावडर घातली. मुलगा चिडून निघून गेला, ती रडली, समुद्राचा आवाज आला. आणि मग धक्क्यावरच्या गोळ्या वाजल्या, त्यांच्या जागेवर, रोजच्यासारख्या.

आई सांडशी हातात धरून उभी राहिली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मग मघाशी काय वाजलं?"

ती गॅलरीत गेली. चौकात पाण्याचे पिंप आणि दोन मांजरं, बाकी कोणी नव्हतं. काकू म्हणाल्या, "लग्नसराई सुरू झालीय वहिनी, फटाके असतील." आई आत आली, पुन्हा बाहेर गेली. भिंतीत गाणं सुरू झालं, आणि गाणं सुरू होईपर्यंत जिन्यात चपला वाजायला हव्या होत्या. गाण्याचं पहिलं कडवं संपता संपता ती अनवाणी धावली. स्टोव्ह तसाच भरभरत राहिला. मी तिच्या मागे. चाळीच्या फाटकातून रस्त्यावर, रस्त्यावरून थिएटरच्या पुढून वळसा घालून मग बोळाचं तोंड येतं. बोर्डावर तो भला मोठा रंगवलेला हीरो पिस्तूल रोखून उभा होता, त्याच्या गळ्यात खऱ्या झेंडूचा हार. आम्ही बोळाशी पोचतो तोच आतली घंटा वाजली, काळे पडदे बाजूला झाले आणि मध्यंतराची माणसं बाहेर आली. सगळ्यात आधी हिरामावशी, आपली पाटी जागेवर आहे ना बघायला.

"अगो शुभाचे आये!" ती ओरडली. "धाव गो, धाव! तुजा घरवाला!"

बाबा तिच्या उपड्या पाटीला टेकून बसल्यासारखे पडले होते. हात पसरलेले नव्हते. एक हात मांडीवर घट्ट दाबलेला, दुसऱ्या हातात जेवणाच्या डब्याची पिशवी, ती सोडलेली नव्हती. हिरामावशीने डोक्यावर पाटीखाली ठेवायची कापडाची चुंबळ उलगडून त्यांच्या कमरेला बांधली. लोक गोल करून उभे राहिले. एकाच्या हातात समोसा होता. कोणीतरी म्हणालं, "शूटिंग आहे काय?" आणि आईने त्या माणसाकडे असं पाहिलं की तो गर्दीतून मागे मागे जात नाहीसा झाला.

सिनेमात मरणाऱ्याला कॅमेरा वरून बघतो. रेवाच्या पुस्तकात याला नाव आहे. जो माणूस चढत असतो त्याला खालून दाखवायचं म्हणजे तो छताएवढा वाटतो, आणि पडला की वरून दाखवायचं म्हणजे तो लहान, एकटा, कोणाच्या तरी हातातून निसटल्यासारखा दिसतो. बघणाऱ्याला दया यावी म्हणून कोणीतरी क्रेन आणतं, दिवे लावतं, जमिनीवर पाणी मारतं. बाबांना वरून बघायला झरोका होता, पण तो हात न पोचणारा होता. याचा विचार मी आजही करते तेव्हा मला राग येतो. कोणाचा, ते ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेपर दिला. आई हॉस्पिटलात होती, हिरामावशी मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आली. तिच्या पातळाचा वास येतो म्हणून एरवी नाक मुरडणाऱ्या मुली त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. परीक्षेच्या वर्गात इतकी शांतता होती की मला एक अक्षर लिहवेना. पहिल्यांदाच माझ्या भूगोलाच्या मागे कोणी बोलत नव्हतं. मी मनातल्या मनात बुटांपासून सिनेमा लावला आणि मग उत्तरं लिहिली. मान्सून वाऱ्यांवर लिहीत असताना आतून धक्क्यावरची माणसं चालत होती. पास झाले, बऱ्यापैकी झाले.

बाबा वाचले. एक गोळी मांडीतून आरपार गेली होती, दुसरी कमरेत अडकली होती, ती काढली. डॉक्टर म्हणाले, अजून जरा उशीर झाला असता तर कठीण होतं. हे वाक्य डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात, पण आईने ते जन्मभरासाठी ठेवून घेतलं. दोन आवाजांच्या मधला जो वेळ, ज्यात तिने साखर घातली आणि पावडर घातली, तो वेळ तिच्या आयुष्यातून पुढे सरकलाच नाही. तेव्हापासून कुठेही काही वाजलं, दिवाळीचा बार असो, टायर फुटो, वरच्या मजल्यावर पोळपाट पडो, आई उठते आणि दार उघडून बघून येते. आम्ही कितीही सांगितलं तरी बघून येते.

सिनेमा उतरला नव्हता, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाबांना घरी आणलं, भिंतीकडेच्या खाटेवर झोपवलं आणि संध्याकाळी पांढरे बूट पायऱ्या उतरायला लागले. जावं कुठे? भिंत काही हलवता येत नव्हती. शेजारचे काका थिएटरच्या मॅनेजरकडे जाऊन आले. मॅनेजर चांगला माणूस होता, चहा दिला, वाईट वाटल्याचं सांगितलं आणि म्हणाला, दरवाजे बंद केले तर पब्लिक खुर्च्या फाडेल. मग बाबा रोज चार वेळा ते ऐकायचे. ती आई रडायला लागली की ते पंख्याकडे बघत राहायचे. आमची आई त्यांच्या उशाशी येऊन बसायची आणि उगाचच मोठ्याने बोलायची, भाजी काय करू, चादर बदलू का, काहीही. बाबा "हं" म्हणायचे.

उपाय काढला हिरामावशीने. तीनच्या शोला पडद्यावरची आई बोलायला लागली की ती खुर्चीवरून उठायची, बोळात यायची, दोन्ही दरवाजे खेचून लावायची आणि त्यांना पाठ लावून पाटीवर बसायची. आतून लोक ओरडायचे, दार वाजवायचे, घामाने निथळायचे. "गप ऱ्हावा मुडद्यांनो, मानूस आजारी हाय!" ती बाहेरून दम द्यायची. गाणं संपलं की दरवाजे उघडायची. धक्क्यावरचा तो सीन तिला सगळ्यात आवडायचा, पण तो तिने त्यानंतर पुन्हा पाहिला नाही. बाकीच्या तीन शोंना आम्हाला काही करता आलं नाही.

पोलिसांनी चौकशी केली. मारणाऱ्याचं वर्णन विचारलं. बाबांनी फक्त पाय पाहिले होते. ते पडल्यावर तो माणूस पळाला नाही, दोन पावलं जवळ आला, थांबला आणि निघून गेला. निळ्या रबरी चपला, एकीचा अंगठा तुटलेला आणि त्याला सेफ्टी पिन लावलेली. एवढंच. हे वर्णन लिहून घेताना हवालदारालाही संकोच वाटला असावा. त्या महिन्याअखेर वर्कशॉपमधली सगळी माणसं नव्या युनियनमध्ये गेली. बाबांनी ती नोकरी सोडली, मालाडला एका दुकानात हिशेबाचं काम धरलं, डावा पाय ओढत जात राहिले. कोणी पकडलं गेलं नाही. त्या दादाच्या वाढदिवसाचे फलक पुढे कित्येक वर्षं नाक्यावर लागायचे, हात जोडलेले, कपाळाला टिळा. सिनेमात शेवटची तीन रिळं हिशेब चुकता करण्यात जातात. आमची ती रिळं मालाडहून आलीच नाहीत.

त्या दुपारबद्दल बाबा माझ्याशी एकदाच बोलले. माझं लग्न ठरलं होतं, आम्ही दोघं एका रविवारी पवईच्या तलावाकाठी बसलो होतो. ते पाण्याकडे बघत होते. मी विचारलंही नव्हतं.

"मी हाक मारली होती गं," ते म्हणाले. "दोनदा मारली. पण तेव्हा ती सिनेमातली आई बोलत होती. तिचा आवाज स्पीकरमधून येत होता, माझा नुसताच. मग म्हटलं, दम वाया घालवायचा नाही."

"मग काय केलंत?"

"ऐकत पडलो. मला पुढचं सगळं पाठ होतं ना. आता हा चिडून जाणार. मग धक्का, मग गोळ्या, मग गाणं, मग तो दोस्त फसवतो, आणि मग मध्यंतर. मध्यंतराला माणसं बोळात येतात. म्हटलं तेवढं धरून ठेवायचं. मध्यंतरापर्यंत." ते हसले. "गाणं मात्र फार लांबवलंय त्यांनी. तिसऱ्या कडव्याची काही गरज नव्हती. आणि सारखं वाटत होतं, सायकल पंक्चर होऊ नये रे देवा. मालाडचं रीळ वेळेवर येऊ दे."

मी त्यांचा हात धरला, आणि रडले. त्यांनी मला रुमाल दिला आणि चणेवाल्याला हाक मारली.

यानंतरही मी असले सिनेमे बघत राहिले, हे मला कोणाला समजावून सांगता येत नाही. मला ते आवडतात. पट्ट्यापट्ट्यांच्या उजेडात अर्धा झाकलेला चेहरा, जिन्याच्या कठड्याची भिंतीवर पडलेली सावली, शेवटी रिकामा समुद्रकिनारा. अंधारात बसलं की माझा श्वास त्या माणसांच्या चालीने चालायला लागतो. आणि गोळी सुटली की माझं लक्ष पडद्यावरून उडतं आणि बाहेर जाण्याच्या दरवाजाकडे जातं. पडदा ओढलेला असतो. त्याच्या पलीकडे बोळ असेल, बोळात कोणी असेल, असं वाटतं. नवरा म्हणतो, मग येतेस कशाला? तो बरोबरच म्हणतो. पण त्या सिनेमाच्या आवाजाखाली बाबांची हाक बुडाली आणि त्याच सिनेमाच्या आधाराने ते तगले. मी त्याला शिव्या देऊ की त्याच्या पाया पडू, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. त्यामुळे मी जात राहते.

गेल्या रविवारी रेवाने तोच सिनेमा निवडला. तिला काही माहीत नव्हतं, तिच्या यादीत तो होता. मुलुंडला आजी-आजोबांकडे मोठा टीव्ही आहे, म्हणून तिकडे जाऊन बघायचं ठरवलं. मी म्हटलं, दुसरा बघ. तर बाबाच म्हणाले, "लाव गं. मी अजून पाहिला नाहीये तो." आता ते पंच्याऐंशीच्या घरात आहेत. आई उठून स्वयंपाकघरात गेली.

पांढरे बूट पायऱ्या उतरले. "बघा आजोबा," रेवा उत्साहाने सांगत होती, "चेहरा दाखवत नाही, म्हणजे तो माणूस नाही, ताकद आहे." बाबा चष्मा सारखा करून म्हणाले, "फारच स्वच्छ बूट आहेत." खुर्ची वळली, शेठ खरंच रेशनवाल्यासारखा होता. मी रचलेल्या चित्रांपेक्षा खरी चित्रं फिकी निघाली, धक्का तर उघडउघड स्टुडिओतला होता. मग पडद्यावरची आई बोलायला लागली. ती केवढी तरुण होती! बाबांचा हात मांडीवर गेला आणि तिथेच राहिला. गोळ्या वाजल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन उभी होती.

आणि त्यानंतर एकदम दोस्त समोर आला, फसवून मोकळा झाला, आणि लगेच पुढचा सीन सुरू झाला. कुठल्या तरी बंगल्यात पार्टी चालली होती.

"गाणं?" बाबा म्हणाले.

"गाणी कापलीत आजोबा. ही नवी कॉपी आहे."

"आणि मध्यंतर?"

"आता मध्यंतर नसतं हो. सलगच असतं."

बाबा टीव्हीकडे बघत राहिले. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं घट्ट आवळली होती. मग त्यांनी रेवाकडे पाहिलं, आणि लहान मुलाने खरंच काही न कळून विचारावं तसं विचारलं, "नसतं? मग माणसं बाहेर कधी येतात?"

रेवा माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात आईने भिंतीवरचं बटण दाबून खोलीतला दिवा लावला. चालत दारापाशी गेली, कडी काढली, दार सताड उघडलं. वाकून पॅसेजमध्ये डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, जिन्यातही पाहिलं. मग दार तसंच उघडं ठेवून ती आत आली आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली,

"झालं मध्यंतर. शुभा, आधण ठेव."